पडून ऐकलेली गोष्ट

गादीवाल्याची कंबर धरलेली असायची, त्यामुळे तो व्यवहाराचं सगळं बोलणं आडवा पडून ऐकायचा. दुकानाच्या मधोमध मांडलेल्या सगळ्यात जाड गादीवर तो उताणा झाला, डोक्याखाली कोरी उशी ओढली आणि म्हणाला, "सांगा आता तुमचा सिनेमा. मॅडम, तुम्हीही टेका. इथे गाद्यांना तोटा नाही."

दिग्दर्शिका शेजारच्या गादीच्या कडेवर बसली. खाली प्लास्टिक चरचरलं. तिचा हा पहिलाच सिनेमा, आणि तो अजून फक्त कागदावर होता. लोकांच्या ऑफिसांत जाऊन जाऊन ती गोष्ट सांगून आली होती. कुणी चहा पाजला, कुणी गाणी किती आहेत ते विचारलं, कुणी हिरॉइन तरुण घ्या म्हणालं. हिरॉइन म्हणजे मावशी. सख्खी मावशी नव्हे, पण नाटकांतून कामं करायची तेव्हापासून सगळेच तिला मावशी म्हणत. आता केस पांढरे झाले होते आणि स्टेज सुटून जमाना झाला होता. आधी पैसे उभे राहू देत, मग बघू, असं मावशीचं म्हणणं. आधी नटी पक्की करा, मग बघू, असं पैसेवाल्यांचं. या दोन 'बघू'च्या मध्ये सिनेमा लटकून राहिला होता. म्हणून पैसे घालू पाहणाऱ्या गादीवाल्याने दोघींना एकदमच बोलावलं, तेव्हा दिग्दर्शिका मावशीला जवळजवळ उचलूनच घेऊन आली.

मावशीने चपला काढल्या आणि समोरच्या गादीवर ती खरोखरच आडवी झाली. "छान आहे गं," एवढं म्हणून तिने डोळे मिटले.

दुपार कलली होती. मागच्या खोलीत कापूस पिंजायचं यंत्र चालू होतं. त्याची घरघर सारखी येऊन येऊन ऐकू येईनाशी झाली होती. काचेतून आलेल्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते. खाली यायची त्यांना काही घाई दिसत नव्हती.

दिग्दर्शिका सांगू लागली. एक म्हातारी बाई एकटी राहते. रोज संध्याकाळी तिच्याकडे एक राँग नंबर येतो. पलीकडचा माणूस आपल्या बहिणीला शोधत असतो. बाई सांगते, अहो, तुमची बहीण इथे राहत नाही. तो माफी मागतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करतो. असं चालतं. मग एका संध्याकाळी, काय होतं कोण जाणे, ती म्हणते, हो, मीच बोलतेय.

इथवर ती आली आणि तिला घोरणं ऐकू आलं.

गादीवाल्याचं तोंड किंचित उघडं होतं, हात छातीवर होते. दिग्दर्शिकेला राग आला नाही. ती हळूच कागद आवरायला लागली, तेव्हा मावशीने डोळे न उघडताच हात वर केला.

"थांबू नकोस. फोन वाजव."

दिग्दर्शिकेने अगदी खालच्या आवाजात फोन वाजवला. दोनदा. तिसऱ्यांदा वाजायच्या आत मावशी म्हणाली, "हॅलो." नुसतं हॅलो. पण हातातलं काम टाकून, पदराला हात पुसत, आतल्या खोलीतून आलेल्या बाईचं हॅलो होतं ते.

आता भावाचं वाक्य होतं. दिग्दर्शिकेने ते म्हणायला श्वास घेतला, तोच पलीकडच्या गादीवरून आवाज आला.

"ताई?"

घोरणं थांबलं होतं. गादीवाल्याचे डोळे मात्र मिटलेलेच होते.

मावशी जराही हलली नाही. "बोल रे," ती म्हणाली.

"जेवलीस?"

"जेवले. तू?"

मग तो झोपेतल्या जड जिभेने म्हणाला, "मला यायला उशीर झाला गं."

"असू दे," मावशी म्हणाली. "दार उघडंच ठेवलं होतं."

यातलं एकही वाक्य कागदावर नव्हतं. दिग्दर्शिका श्वास रोखून बसली. इतके दिवस जो सिनेमा फक्त तिला दिसत होता, तो दोन गाद्यांच्या मधल्या उन्हात उभा होता. कापसाचा एक तंतू तरंगत येऊन गादीवाल्याच्या कपाळावर बसला. त्याने एक लांब श्वास सोडला आणि तो पुन्हा घोरू लागला.

जागा झाला तेव्हा ऊन गादीवरून उतरून फरशीवर गेलं होतं. त्याने तळहातांनी चेहरा पुसला आणि आपण कुठवर आलो होतो म्हणून विचारलं. फोनपर्यंत, असं दिग्दर्शिकेने सांगितलं.

तो छताकडे पाहत राहिला. "शेवटी ती सांगते का त्याला? मी तुझी बहीण नव्हे म्हणून?"

सांगते. शेवटचं पान तेच होतं. दिग्दर्शिकेने ते कितीदा फाडून पुन्हा लिहिलं होतं, आणि सगळ्या कागदांत तिचा जीव त्या एका पानावर होता. तिने मावशीकडे पाहिलं. मावशी आता उठून बसली होती आणि पायाने चपला चाचपत होती. तिने काही मान वगैरे हलवली नाही.

"नाही," दिग्दर्शिका म्हणाली. "सांगत नाही."

गादीवाला कुशीवर वळला आणि हाताचा आधार घेत सावकाश उठला. सगळा खर्च उचलणं आपल्याला झेपायचं नाही, पण निम्मा उचलतो, असं त्याने सांगितलं. सुट्टीच्या दिवशी दुकान रिकामंच असतं, हवं तर इथे येऊन काम करा, तुमच्या माणसांना पाठ टेकायला जागा होईल. गादीची वॉरंटी सांगावी तशा सुरात तो हे बोलला. तारखा आधी कळव, मला ऐनवेळी धावपळ जमत नाही, असं मावशीने दिग्दर्शिकेला बजावलं. म्हणजे तीही हो म्हणाली होती, हे दिग्दर्शिकेला जरा उशिराच उमगलं.

तो त्यांना दारापर्यंत सोडायला आला. काचेचं दार त्याने एका हाताने धरून ठेवलं, दिग्दर्शिका बाहेर पडली, आणि मावशी त्याच्यासमोर आली तेव्हा तो हळूच म्हणाला,

"शेवट बरा केलात. फोनवरच्या त्या माणसाला ते कळत नसेल का, ताई?"