उजवा कौल

"एक लाख दहा," दत्ताराम म्हणाला आणि बशीतला चहा फुंकू लागला.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या त्याच्या बायकोने, सुगंधाने, कपाळावर हात मारून घेतला. मागच्याच रविवारी याच माणसाने याच खोलीचे पंच्याण्णव हजार सांगितले होते. खोली घ्यायला आलेल्या, खाटेवर बसलेल्या चंद्रप्रकाशने दलालाकडे पाहिलं. दलाल तुळशीदासने छताकडे पाहिलं. दत्तारामने मात्र शांतपणे पेपरची घडी उलगडून सिमेंटची गोणी कितीला झाली ते वाचून दाखवलं. लोखंडही चढलं होतं म्हणे. बोरिवली पूर्वेची ही खोली बांधून पंधरा वर्षं झाली होती, भिंतीला ओल धरली होती, मोरीचा पाइप गळत होता. पण तेव्हा लागलेल्या सिमेंटचा भाव तो आजच्या पेपरातून लावायचा.

दीड वर्ष हेच चाललं होतं. दर रविवारी तुळशीदास गिऱ्हाईक आणायचा आणि दत्ताराम सकाळपासून गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा सदरा चढवून बसलेला असायचा. हवा कुठून येते ते दाखवायचं, गच्चीवर नेऊन नॅशनल पार्कचे डोंगर दाखवायचे, मालाड-गोरेगावात काय भाव चाललाय यावर अर्धा तास बोलायचं. गिऱ्हाइकं त्याला दत्तारामशेठ म्हणायची. गिरणी बंद पडून चार वर्षं झालेल्या शेठच्या चहात साखर सुगंधाची जायची. ती दारोदार कुळथाचं पीठ आणि आमसुलं विकायची.

एखादं गिऱ्हाईक फारच चिकटलं तर दत्तारामकडे हुकमी इलाज होता. आमच्यात गावच्या देवीचा कौल घेतल्याशिवाय घर विकत नाहीत, म्हणायचा. गुरव देवीच्या मूर्तीला फुलाचे कळे लावून विचारतो. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. मग पंधरा दिवसांनी तोंड पाडून सांगायचा, देवीने डावा दिला. देवापुढे कोण काय बोलणार? समोरचा हात जोडून चालता व्हायचा. गावाला एकसुद्धा पत्र जात नाही हे सुगंधाला पक्कं ठाऊक होतं, कारण घरात पत्रं आणायची ती आणि पोस्टात टाकायची तीच. बिचाऱ्या देवीला तिकडे पत्ताही नव्हता की बोरिवलीतले सौदे तीच मोडतेय.

सुगंधाचा जीव अडकला होता तो सुनेत. मुलाचं, बाळाचं, लग्न होऊन सात महिने झाले होते आणि क्षमा या घरात राहिली होती मोजून अठरा दिवस. मधे दोरीवर टाकलेली साडी, साडीच्या अलीकडे सासरा रात्रभर खोकतोय, कसला संसार नि कसलं काय! पोरगी भांडली नाही. दोन खोल्या झाल्या की बोलवा, असं सांगून मुलुंडला माहेरी निघून गेली. आता बाळाही तिकडेच राहायला जायची भाषा करत होता. विरारला दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, पण तिथला बिल्डरही पेपर वाचणाराच निघाला. पासष्ट हजारांचे त्याने ब्याऐंशी केले, ब्याऐंशीचे पंच्याण्णव, आणि दसऱ्याला पुन्हा वाढवणार म्हणून कळवलं होतं. खोली राहिली तर मुलगा जाणार, एवढा सरळ हिशेब या माणसाच्या डोक्यात कसा शिरत नाही, याचाच तिला संताप यायचा.

"ठीक आहे," चंद्रप्रकाश म्हणाला. "एक लाख दहा."

दत्तारामला ठसका लागला. त्याने घाईघाईने सांगितलं की या किमतीत पंखा धरलेला नाही. नको पंखा, चंद्रप्रकाश म्हणाला. ओल आहे भिंतीला, दत्ताराम म्हणाला; दीड वर्षात पहिल्यांदाच त्याला ती दिसली. चंद्रप्रकाशने तिलाही हरकत घेतली नाही. शेवटी दत्ताराम खुर्चीत सावरून बसला, त्याने चेहरा गंभीर केला आणि देवीच्या कौलाचं सुरू केलं.

सुगंधा पदराला हात पुसत बाहेर आली. गणपतीच्या तसबिरीमागून तिने एक पत्र काढलं आणि तुळशीदासच्या हातात दिलं. महिन्यापूर्वी शेजारच्या शकूकडून तिने गुरवाला लिहून घेतलं होतं, त्याचं हे उत्तर.

"तुमका वेळ गावलो नाय, म्हणान मीच विचारून घेतलंय," ती नवऱ्याला म्हणाली. "देवीन उजवो दिल्यान."

तुळशीदासने पत्र मोठ्याने वाचलं. दत्तारामने ते मागून घेऊन स्वतः दोनदा वाचलं. आपल्याच देवीला खोटं कसं पाडणार? चंद्रप्रकाशने बयाण्याचं पाकीट पुढे केलं, ते सुगंधाने देवापुढे ठेवलं, आणि पाहुणे जिन्यावरून बोलत बोलत खाली गेले.

सुगंधाला फार आनंद झाला होता. दुपारीच मुलुंडला जाऊन क्षमाला सांगायचं तिने ठरवलं. पण आधी इथलं भांडण उरकायला हवं होतं. आता हा म्हणणार, आणखी दहा हजार सहज आले असते. मला न विचारता पत्र का टाकलंस म्हणणार. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. महिनाभर घोळवलेली उत्तरं तोंडाशी आली होती.

दत्ताराम इस्त्रीच्या सदऱ्यात तसाच बसून होता. त्याने मान वर केली.

"मगे फुडल्या रविवारी," त्याने विचारलं, "आपल्याकडे कोण येतला गो?"