दुसरा पंच

विहिरीतला गाळ उपसायच्या यारीचं टोपलं वर आलं, तेव्हा त्यात चिखलाबरोबर एक पाण्याची मोटार होती.

यारीवाल्यानं टोपलं काठावर उलटं केलं. मोटार धप्पकन पडली, अर्धी लोळली आणि कस्तुराबाईच्या पायापाशी येऊन थांबली. तिला बांधलेला निळा नायलॉनचा दोर तसाच होता आणि दोराच्या तुटक्या टोकाला हिरव्या कापडाची पट्टी होती. ते कापड कस्तुराबाईचंच. काठाला घासून दोर झिजू नये म्हणून तिनं आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी तिथं गुंडाळली होती. पट्टीसकट दोर झिजला होता आणि दोन पावसाळ्यांपूर्वी मोटार आपल्या वजनानं तळाला गेली होती. चोर कधी आलाच नव्हता.

कस्तुराबाईचे यजमान शेषेराव लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या शेजारी पोत्यावर दुसरी मोटार ठेवली होती, कोर्टातून सोडवून आणलेली. गेलेली तीन एचपीची, मिळाली ती पाचची. चोरीला गेली की मोटार वाढते का, हे कोर्टात कोणी विचारलं नाही. शेषेरावांनी देवाची शपथ घेऊन ‘ही माझीच’ म्हटलं आणि चोर म्हणून उत्तम दोन वर्षांसाठी नांदेडच्या जेलात गेला.

पुरावा काय, तर आदल्या दिवशी उत्तम या विहिरीवर हातपाय धुताना दिसला होता. बाकीचं पोलीस जमादारानं जमवलं. काठावरून नुसता डोकावला, विहिरीत गळ टाकून बघायचं त्याच्या मनात आलं नाही. कुठून तरी एक मोटार पैदा केली, ती उत्तमनं कडब्यातून काढून दिली असं लिहिलं आणि पंच म्हणून अमृतरावांनी चहा-भज्यावर सही ठोकली. कोंबडी चोरायला यापेक्षा जास्त डोकं लागतं. पण माणूस आत घालायला एवढं पुरलं.

उत्तमची बायको पंचशीला इथंच होती, डोक्यावर गाळाचं टोपलं घेऊन. तिला कामावर शेषेरावांनीच लावलं होतं. ‘चोराची बायको असली म्हणून काय झालं, तिच्या पोटाचं बी बघावं लागतं,’ असं ते चहाच्या हॉटेलात मोठ्यानं सांगायचे आणि ऐकणारे माना डोलवायचे. कस्तुराबाईला त्या मोठेपणाची किळस यायची. पण पाच एचपीचं पाणी तिच्याच वांग्यांना मिळत होतं, म्हणून ती गप्प राहिली होती. स्वतःची किळस तिला त्याहून जास्त होती.

“भंगार हाय ते,” शेषेराव बसल्या जागेवरून म्हणाले. “टाका वापस आत.”

यारीवाला परगावचा होता. “आत कशाला मालक? आतलं तर भाईर काढून राहिलो.”

“मग बांधाला फेका तिकडं. कोणाची हाय कोणाला ठाव.”

“हाव, पहिलंचं कायतरी असंल,” अमृतराव म्हणाले. त्यांचं शेत शेजारीच. चहा होणार असेल तिथं ते असायचेच.

कस्तुराबाई खाली बसली. ओंजळभर पाणी घेऊन तिनं पट्टी धुतली. हिरवा रंग निघाला, काठाची नक्षीही दिसली.

“कोर्टात परक्याची मोटार वळखली तुमी,” ती म्हणाली. “आन् घरची वळखंना?”

“तू गप बस. बायामाणसाला मोटारीतलं काय कळतंय?”

“लुगड्यातलं कळतंय.”

यारीवाल्यानं इंजिन बंद केलं. पंचशीलानं डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं. सावकाश चालत आली, लिंबाखालची मोटार बघितली, चिखलातली बघितली, आणि चिखलातलीवर जाऊन बसली. बाजारात आपल्या गाठोड्यावर बसतात तशी, पाय रोवून.

“ऊठ तिथून,” शेषेराव म्हणाले. आता ते उभे राहिले होते. “आजचा रोज बुडंल तुझा.”

“बुडू द्या. पोलीस येऊस्तोवर मी उठत न्हाई.”

“बोलीव की पोलीस. हितं काय निघालं ते कोणी पाह्यलंय?”

हे म्हणताना ते हसले. कस्तुराबाईला इतकी वर्षं या माणसाची भीती वाटत आली होती. त्या हसण्यानं भीती गेली, नुसता वीट आला. तिनं हात पदराला पुसले आणि ती अमृतरावांकडे वळली.

“भाऊजी, पंचनाम्याला पंच दोन लागतेत ना? तुमाला ठाव असंल, तुमी लई केलेत. एक मी हाय. दुसरा कोण?”

अमृतरावांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. यारीवाला यंत्राकडे वळला. काठावर निम्मं गाव जमलेलं होतं. मोटार तीनची होती हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं, उत्तम कसा माणूस आहे हेही माहीत होतं.

कस्तुराबाईनं पुन्हा विचारलं. पंचशीला एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

मग एक जण वाकून विहिरीत बघू लागला. त्याचं बघून दुसरा वाकला, तिसरा वाकला. थोड्या वेळात सगळेच खाली बघत होते. विहिरीत आता चिखलाशिवाय काहीही उरलं नव्हतं.