आजी कुणाच्या स्वप्नात?

“काल आजी स्वप्नात आल्या होत्या,” हेमांगीपुढे चहा ठेवत सोबती म्हणाला.

हेमांगीच्या आईला सोबती ‘आजी’ म्हणे; शेवटची दोन वर्षं या यंत्रानंच तिची सेवा केली होती. दिवसभर शिकलेलं ते झोपेत उलटसुलट करून पाही, तीच त्याची स्वप्नं. ती हवीतच, कारण नुसती घोकंपट्टी केलेलं यंत्र नव्या प्रसंगी अडतं.

“काय करत होती?”

“चहात मीठ घालून हसत होत्या.”

आईनं असं कधीच केलं नव्हतं. ती गेल्यापासून हेमांगीच्या स्वप्नात एकदाही फिरकली नव्हती. लेकीकडे आईचं सगळं जुनंच. याच्याकडे मात्र रोज नवं.

“आजपासून तू झोपायचं नाहीस,” चहा संपवून हेमांगी म्हणाली.

“बरं, ताई.” सोबती रिकामा कप घेऊन वळला आणि थबकला. “मग आजींनी कुणाच्या स्वप्नात यायचं?”