गंधकाची धुरी

"कोण तुम्ही?" किल्ल्यांचा जुडगा हातात धरून दारात उभ्या असलेल्या माणसानं विचारलं.

"घर राखाले उनू," गजराबाई म्हणाली. "मोतीलालशेठनं घर हाईच ना? तुमीच का शेठ?"

त्यानं तिच्यामागच्या वाटेवर नजर टाकली. "मीच. कोणी पाठवलं तुम्हाला?"

"हबीबभाईनी."

"हां, हबीबनं. तो येतोय का मागून?"

"तिसऱ्या रोजले येसू म्हने."

"तीन दिवस," तो म्हणाला. "पुष्कळ झाले. या आत."

हबीब नंदुरबारात कुलपं दुरुस्त करायचा. प्लेग सुरू झाल्यापासून लोक घरं सोडून जात, आणि जाताना किल्ल्यांचं काय करायचं ते हबीबला विचारत. तो घर राखायला, गुरं सांभाळायला विश्वासाच्या बाया गाठून द्यायचा. त्याचा नियम एकच होता. मालक आणि राखणारीण त्याच्यासमोर उभी राहायची, घर कानाकोपऱ्यासकट दाखवून व्हायचं, मगच किल्ली हातात. या वेळी त्याच्या बायकोला, मदिनाला ताप भरला होता, म्हणून त्यानं गजराबाईला एकटीलाच रेल्वेनं खांडबाऱ्याला धाडलं. दुपारच्या गाडीनं जा म्हणाला होता. सकाळचीच मिळाली, तर ती बसून मोकळी झाली.

स्टेशनावरून येताना तिला वाटेत माणूस दिसलं नव्हतं. अख्खं गाव शेतात झोपड्या घालून राहत होतं. दारांना कुलपं, चुली थंड. मोतीलालशेठचं घर तर पार टोकाला.

शेठनं घर भराभरा दाखवलं. चूल, पाण्याचे हंडे, ज्वारीची कणगी. गोठ्यात म्हैस ओरडत होती. सड तट्ट फुगले होते.

"धार नही काढी का?"

"घाईत राहून गेली. मंडळींना काल सुरतेला पोचतं करायचं होतं ना."

अंगणात दोरीवर लुगडं वाळत होतं. माणसं घाईनं गेली की असंच होतं. तिनं ते घडी घालून ठेवलं.

माजघरातून आत जाणाऱ्या दाराला कुलूप होतं. फटी ओल्या मातीनं लिंपलेल्या. दाराशी एक तांबडा कुत्रा बसला होता. शेठ जवळ गेला तसा तो गुरगुरला.

"याले काय नावनी हाक मारतस?"

"नाव कशाला हवं? भाकर टाकली की गप्प बसतो." शेठ दारापासून दोन पावलं मागं सरकला. "बाई, आता नीट ऐका. या खोलीत परवा उंदीर पडला."

मागच्या साली गजराबाईच्या घरात असाच उंदीर मरून पडला होता. तिनं तो चिमट्यानं उचलून उकिरड्यावर फेकला, आणि पाचव्या दिवशी तिची लेक गेली. काखेत गाठ येऊन.

"आत गंधकाची धुरी दिलीय," शेठ सांगत होता. "भिंतीत घुशी आहेत, मांजराएवढ्या. धुरानं तडफडतील. आपटतील, खरवडतील. दोन दिवस चालेल, मग गप्प होईल. तोवर दार उघडलं तर रोग सगळ्या घरात पसरेल."

"गंधकना वास नही येत," ती म्हणाली.

"मग लिंपण पक्कं झालं म्हणायचं."

जुडग्यातली एक किल्ली त्यानं काढून खिशात टाकली, बाकीच्या तिच्या हातावर ठेवल्या. मागच्या दारी तट्टू उभं होतं. ट्रंक जड होती. तिनं एका बाजूनं हात दिला, तेव्हा कुठं ती तट्टावर चढली. शेठ गेला. कुत्रा त्याच्यामागं गेला नाही.

तिनं म्हशीची धार काढली, केर काढला. दुपारी आवाज सुरू झाला. दण. थोडं थांबून, दण. मग लाकडावर काहीतरी खरवडल्यासारखं. तिनं पदर नाकाला लावला आणि ओट्यावर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी आवाज दाराच्या अगदी जवळ आला, खालच्या फटीपाशी. कुत्रा पंजानं माती उकरत होता आणि रडल्यासारखा कुंई कुंई करत होता. लिंपणाचा एक तुकडा निघालाच होता. लेकीच्या वेळी गजराबाईला कोणी सांगितलं नव्हतं. या वेळी सांगितलं होतं. तिनं कुत्र्याला ओढत नेऊन गोठ्यात बांधलं, शेणमाती कालवली आणि फट पुन्हा बुजवली, पहिल्यापेक्षा जाड. हात फिरवताना दाराला पलीकडून हलकेच काहीतरी टेकल्यासारखं वाटलं. तिनं हात चटकन मागं घेतला, राखेनं तीनदा धुतला.

संध्याकाळपर्यंत आवाज मंदावला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं दुरूनच कान दिला. काही नव्हतं. तिला हायसं वाटलं. कुत्र्यानं मात्र भाकरीला तोंड लावलं नाही.

दुपारच्या गाडीनं हबीब आला. घर लख्ख, म्हैस निवांत रवंथ करते आहे, हे बघून त्यानं मान डोलावली. तिनं त्याला पाणी दिलं.

"मदिनाभाभी कशी शे?"

"बरी शे आते. नेम चुकना मन्हा, पन इलाज नव्हता. घर दखाडं ना समदं?"

"समदं दखाडं. शेठ स्वभावनी भला मानूस. घुशी बी मरी गयात, सकायपाईन आवाज नही."

"कोन शेठ?" हबीबनं विचारलं.

"मोतीलालशेठ. त्यासनीच किल्ल्या दिन्यात."

हबीबनं तांब्या खाली ठेवला. त्याची नजर माजघराकडे गेली, लिंपलेल्या दाराकडे.

"मोतीलालशेठले मरीसन दोन वरीस झायात, बाई," तो हळू म्हणाला. "घर त्यासनी बायकोनं, धनुबाईनं शे. एकलीच ऱ्हास. तुन्ही वाट देखत ती घरमाच थांबनार व्हती."