पहिली उडी

“आत्याबाई, तक्रार मागे घ्या,” खरेदीसाहेब दार लोटून घेत म्हणाले. “उगाच राईचा पर्वत कशाला करताय?”

आत्याबाईंचे हात थांबले नाहीत. लांबलचक टेबलावर पॅराशूट पसरलं होतं आणि त्या त्याच्या घड्या घालत होत्या. बांधणीच्या हॉलच्या त्या प्रमुख. खऱ्या आत्या त्या एकाच पोराच्या, पण अख्खी छावणी त्यांना आत्याबाईच म्हणायची.

“चाचणीच्या उडीत दोऱ्या तुटल्या, साहेब. तो पोरगा दोन्ही पायांनी अधू झाला. आणि घरी कोणाला बसवलंत? माझ्या बांधणाऱ्या मुलीला.”

“तिची बांधणी चुकली, असं चौकशीत निघालं.”

“चौकशी तुम्हीच केलीत.”

“मग? कागद चोख होते, मी माल पास केला. दोऱ्या कच्च्या निघाल्या तर मला काय माहीत?”

मला काय माहीत! गेला महिनाभर हे एकच पालुपद, आणि त्यापुढे कोणाचं काही चालत नव्हतं. नव्या मालाच्या दोऱ्या पांढऱ्याशुभ्र, नुसतं बघत राहावं अशा. जुन्या दोऱ्या वाळल्या गवताच्या रंगाच्या, पण बैल बांधला तरी तुटायच्या नाहीत. त्या आता कपाटात थोड्याच उरल्या होत्या.

उद्या सकाळी सबंध तुकडी नव्या मालावर उडणार होती. त्या तुकडीत चिमण्या होता. चिमण्या म्हणजे आत्याबाईंचा भाचा. आईबापांमागे त्यांनीच वाढवलेला, आता दारातून वाकून आत येणारा.

“आणि मीच पहिली उडी मारायची, हे खूळ कमांडरसाहेबांच्या डोक्यात तुम्हीच भरवलंत ना?” खरेदीसाहेबांनी विचारलं.

“खूळ कसलं, इथली रीत आहे. माल पास करणाऱ्याने आधी उडायचं, मग तुकडीने. चाचणीच्या वेळी तुमची कंबर धरली, म्हणून तुमच्या जागी तो पोरगा उडाला.”

खरेदीसाहेबांनी दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

“ठीक आहे, उडतो. पण माझं जुन्यातलं बांधा. पिशवी मात्र नवीच हवी, पिवळ्या पट्टीची. लोक बघतात.”

आत्याबाईंचे हात आता कुठे थांबले. म्हणजे याला सगळं माहीत होतं! पण चार भिंतींतलं बोलणं. बाहेर सांगितलं असतं तर याने कानांवर हात ठेवले असते.

“तुमच्या चिमण्याचंही जुन्यातलंच बांधा,” ते म्हणाले. “मी बघितलं नाही असं समजा.”

“आणि बाकीच्या पोरांचं?”

खरेदीसाहेब टेबलावरची नसलेली धूळ झटकत राहिले.

“तुमचं मी स्वतः बांधते,” आत्याबाई म्हणाल्या.

दुपारी त्यांनी सगळ्यांना चहाला पिटाळलं आणि आतून कडी लावून घेतली. एक एक दोरी बोटांखालून घेत, पुन्हा उलगडत, पुन्हा घड्या घालत त्यांनी ते पॅराशूट बांधलं. एवढं मन लावून त्यांनी चिमण्याचंही कधी बांधलं नव्हतं. चिमण्याचं त्यांनी नव्या मालातलंच राहू दिलं. त्याच्या पिशवीवरून एकदा हात फिरवला आणि कडी काढली.

संध्याकाळी ताटावर चिमण्याने विचारलं, “आत्या, घास का उतरत नाहीये तुझा?”

“उद्या तू उडायचं नाहीस.”

“अगं, हुकूम आहे. सासुरवाडीला बोलावलंय का, नाही म्हणायला?”

“आधी साहेब उडणार आहेत. मग बघू.”

“बघायचं काय त्यात? ते सुखरूप उतरले की आम्ही निघालोच.”

आत्याबाईंनी ताट बाजूला सारलं.

सकाळी मैदानावर विमान घरघरत उभं होतं. तुकडी रांगेत होती, कमांडरसाहेब समोर. खरेदीसाहेब सगळ्यांकडे बघून हसत होते, जणू त्यांचंच लग्न होतं. आत्याबाईंनी पिवळ्या पट्टीची पिशवी आणली आणि त्यांच्या पाठीवर चढवून पट्टे आवळायला घेतले.

“सांगितलं तसंच बांधलंत ना?” ते ओठांतल्या ओठांत म्हणाले.

आत्याबाईंनी पट्टा ओढला.

“अहो, मी काय विचारतोय?”

“त्या पोराला काल बघून आले,” आत्याबाई हळूच म्हणाल्या. “आई उचलून बसवते त्याला.”

“बाई, जुन्यातलंच आहे ना?”

“साहेब, माल तुम्हीच पास केलाय. भीती कसली?”

खरेदीसाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. ते विमानाकडे निघाले. शिडीच्या पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला आणि मागे वळले. आत्याबाई त्यांच्याकडेच बघत होत्या. पदराचं टोक मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की नखं तळव्यात रुतत होती.

“दुसरं द्या मला,” खरेदीसाहेब ओरडले.

“का?” कमांडरसाहेबांनी विचारलं.

“या बाईने नव्या मालातलं बांधलंय!”

“मग? उडी नव्या मालाचीच आहे.”

“अहो, तुटतात त्या दोऱ्या! आल्या तेव्हापासून कच्च्या आहेत, मला माहीत—”

त्यांनी तोंडावर हात ठेवला, पण सबंध तुकडीने ऐकलं होतं. रांगेतून कोणीतरी सणसणीत शिवी हासडली आणि त्याला कोणी दटावलं नाही.

इंजिन बंद झालं. कमांडरसाहेबांनी उडी रद्द केली, माल सील करायला सांगितला. पाठीवरची पिशवी उतरवून खरेदीसाहेबांना दोघा जवानांनी गाडीत बसवलं. चिमण्या रांगेत होता तिथेच उभा होता, धडधाकट.

कमांडरसाहेब आत्याबाईंकडे आले.

“आत्याबाई, ऐन वेळी घाबरला म्हणून वाचला. नाहीतर आज तुमच्या हातून खून झाला असता, कळतंय का?”

आत्याबाई खाली बसल्या, पिशवी जवळ ओढली आणि तिची खीळ उपसली. मैदानावर दोऱ्या पसरल्या, सगळ्याच्या सगळ्या वाळल्या गवताच्या रंगाच्या.