शिबिरातलं सांगणं

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप कसा देतात, या एका प्रश्नापायी डॉ. भार्गवींनी अर्धं आयुष्य घालवलं होतं. आष्टीच्या मिरगी शिबिरात त्यांनी ठणकावून सांगितलं, "हा बाकीच्या आजारांसारखाच आजार आहे. सोयरीक जुळवताना लपवू नका. गोळ्या चालू असल्या की मुलगी सुखानं संसार करते."

टाळ्या पडल्या. मग साळूबाई लेकीला घेऊन पुढं आली.

"मॅडम, आमी काहीच लपवलं न्हाई. अंकुशनगरच्या पाव्हण्यांना पोरगी पसंत पडल्ती, कुंकवाचा कार्यक्रम बी ठरल्ता. मंग त्यांनी पोराच्या आत्याला फोन लावला. ती मेंदूची मोठी डॉक्टरीण हाय म्हणं. तिनंच नको म्हणून सांगितलं."

भार्गवींनी मान खाली घातली. अंकुशनगरहून भावाचा फोन आला तेव्हा त्या घाईघाईत म्हणाल्या होत्या, "दादा, नसती जोखीम कशाला? आपल्या निखिलला मुली काय कमी आहेत?" मुलीचं नाव विचारायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

साळूबाईनं हात जोडले. "तुमच्या वळखीची असंल ती. आत्ता आमाला सांगितलं ना, तसंच तिला बी जरा समजावून सांगा."