दोन तलवारींची खूण

"हा पराभव आहे. याला चाळीस मिनिटं पुरतील," जावई म्हणाला आणि नकाशावरच्या चौथ्या रणांगणात त्याने पिवळी टाचणी खुपसली. "विजयाला मात्र दीड तास लागतोच. तिथे पुतळे असतात."

जेवणाच्या टेबलावर मोठा नकाशा अंथरला होता. नऊ दिवस, गाडीने सोळाशे किलोमीटर, सहा रणांगणं. चार ठिकाणी मागे डोंगर होते, एका ठिकाणी नदी होती, आणि सहावं ठिकाण म्हणजे जावयाच्या शब्दांत नुसता स्वर्ग. जावई विमा कंपनीत अधिकारी होता आणि एका नव्या कॅमेऱ्याचा मालक होता. अभिमान कशाचा जास्त, ते विचारायची गरज पडत नसे. कोणत्या रणांगणावर ऊन किती वाजता तिरपं पडतं हे त्याला तोंडपाठ होतं. तिथे कोण कोणाशी लढलं ते त्याने वहीत उतरवून ठेवलं होतं.

"आणि जेवायचं कधी?" बायकोने विचारलं.

"ढग आले तर," तो म्हणाला.

सासरे खुर्चीत बसून त्या सहाव्या जागेकडे बघत होते. एकतीस वर्षं त्यांनी सरकारी कचेरीत नकाशे काढले होते. यांची रेघ हलत नाही, असं तिथे सगळे म्हणत. ती एकदाच हलली होती. नोकरी कच्ची होती, दुसऱ्या दिवशी तपासणी होती आणि दुपारी जेवण झाल्यावर त्यांना शिंक आली. टाकातला शाईचा थेंब दोन टेकड्यांच्या मधल्या रिकाम्या माळावर पडला. दीड महिन्याचं काम होतं. खरवडलं तर कागद फाटणार, नवा काढायला वेळ मागितला तर नोकरी जाणार. त्यांनी घटकाभर विचार केला आणि त्या थेंबातून एकमेकींवर आडव्या दोन तलवारी काढल्या. नकाशात या खुणेचा अर्थ एकच होतो, इथे लढाई झाली. साहेबांनी भिंग लावून पाहिलं, "सुबक आहे," म्हणाले आणि सही ठोकली.

नकाशा छापून आला आणि लढाई बाळसं धरू लागली. एका शिक्षकाने तिच्यावर लेख लिहिला. एका प्राध्यापकाने त्या लेखावर ग्रंथ लिहिला. पहिल्या आवृत्तीत तीन हजार माणसं मेली, दुसऱ्या आवृत्तीत अकरा हजार. माळाच्या दोन अंगांना दोन गावं होती आणि दोन्ही गावांचे पूर्वज जिंकले होते. पुढे स्मारक झालं, स्मृतिदिन ठरला, गाड्या लावायला फरसबंदी जागा झाली. सासरे दर वेळी बातमी वाचत आणि पेपरची घडी करून कपाटात ठेवून देत. आधी नोकरी टिकवायची होती म्हणून गप्प बसले, मग बढती आली, मग पेन्शन. गेल्या वर्षी डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हापासून पेपर बंद होता, त्यामुळे जरा सुखात होते. पण आता पोटची मुलगी तिथे जाऊन मान झुकवणार होती. ते काही त्यांना सहन होईना.

"जावईबापू, ते सहावं वगळा," ते म्हणाले.

"अहो बाबा, तोच तर सगळ्या सहलीचा कळस आहे. दोन टेकड्यांच्या बरोबर मधून सूर्य वर येतो."

"सूर्य येत असेल. लढाई झालेली नाही."

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. शिंक सांगितली, थेंब सांगितला, साहेबांची सहीसुद्धा सांगितली. सांगताना त्यांचे कान लाल झाले. चाळीस वर्षं ही लाज त्यांनी एकट्याने सांभाळली होती. बोलून झाल्यावर मात्र त्यांना एकदम हलकं वाटलं, इतकं हलकं की त्यांनी चहा मागितला.

जावयाने बायकोकडे पाहिलं. म्हाताऱ्यांचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, अशा नजरेने. "बाबा, अकरा हजार माणसं मेलीत तिथे. ग्रंथात आहे."

"एकही मेलेलं नाही." सासऱ्यांनी टेबलावरची लाल पेन्सिल उचलली. "खूण मी काढली, मीच खोडतो."

मुलगी त्या गावातली राहण्याची सोय मोबाइलवर शोधत होती. तिने मान वर केली. "एकही नाही कसं, बाबा? इथे लिहिलंय ना. गेल्या स्मृतिदिनाला कोण जिंकलं होतं यावरून दोन्ही गावं एकमेकांना भिडली. सात माणसं गेली."

"हो, म्हणून तर हल्ली पोलिसांची परवानगी लागते. मी काढलीय," जावई म्हणाला. "त्या सात जणांचा वेगळा दगड बसवलाय. काळा, एकदम गुळगुळीत. संध्याकाळी त्यात दोन्ही टेकड्या उतरतात. फोटोला एक नंबर."

"कुठे बसवलाय?" सासऱ्यांनी विचारलं. "नेमका कुठे?"

जावयाने नकाशावर वाकून दोन तलवारींवर बोट ठेवलं. "इथेच. जिथे मारामारी झाली तिथे."

चहा आला. तो कोणी घेतला नाही. लाल पेन्सिल तलवारींच्या पात्यांवर टेकली आणि तशीच टेकून राहिली. सासऱ्यांनी पेन्सिल बाजूला ठेवली. आता खोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच नकाशा बरोबर होता.